आधी थांबा, मग धावा : विंडसर्फिंग बोर्डावर टॅक शिकताना

बोर्डावर उभं राहता येतं, दोराने शीड पाण्यातून उचलता येतं, सरळ रेषेत शंभर-दोनशे मीटर जाताही येतं. मग मागे वळायची वेळ येते. बहुतेक शिकाऊ मंडळी तिथे शीड पाण्यात टाकतात, बोर्ड हातापायांनी वळवतात आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात. असे पाच-सहा फेरे झाले की लक्षात येतं, आपण निघालो त्या जागेपासून वाऱ्याने आपल्याला बरंच खाली वाहून नेलंय, आणि आता बोर्ड ओढत काठाकाठाने चालत यायचंय. टॅक, म्हणजे शीड न टाकता वाऱ्याकडून वळणं, शिकायची ती याचसाठी. ज्याला टॅक येते तो निघाला तिथेच परत येतो. माझ्या मते विंडसर्फिंग खऱ्या अर्थाने सुरू होतं ते त्या दिवशी.

टॅक अवघड नाही. पण तिच्या दोन भागांचे स्वभाव अगदी उलटे आहेत. पहिल्या भागात थांबावं लागतं, दुसऱ्यात घाई करावी लागते. शिकणारा नेमकं उलटं करतो. बोर्ड वळायच्या आधीच पाय उचलतो आणि पलीकडे पोचल्यावर सुटकेचा श्वास टाकत उभा राहतो. मी शिकवलेल्या लोकांच्या बहुतेक पडझडी या दोनपैकी एका कारणाने झालेल्या आहेत.

टॅक म्हणजे नेमकं काय

वारा जिथून येतो त्या दिशेला थेट जाता येत नाही. वाऱ्याच्या रेषेच्या दोन्ही बाजूंना साधारण 45 अंशांचा पट्टा असा असतो की त्यात शीड नुसतं फडफडतं, ओढ देत नाही. म्हणून वाऱ्याच्या दिशेला जायचं तर नागमोडी जावं लागतं. एकदा वारा उजव्या अंगाला घेऊन तिरकं, मग डाव्या अंगाला घेऊन तिरकं. या दोन तिरक्या रेषांच्या सांध्यावर बोर्डाचं पुढचं टोक, म्हणजे नाळ, वाऱ्यातून पलीकडे न्यायची आणि आपण शिडाच्या दुसऱ्या बाजूला जायचं, ही टॅक. नाळेऐवजी बोर्डाची शेपटी वाऱ्यातून फिरवली तर ती जाइब. जाइबमध्ये आपण वाऱ्याबरोबर खाली घसरतो, टॅकमध्ये वर टिकतो किंवा थोडं वर चढतो. म्हणून टॅक आधी शिकावी.

विंडसर्फिंग बोर्डाला सुकाणू नसतं. शीड, मास्ट (शिडाचा उभा खांब) आणि बूम (हातांनी धरायचा आडवा दांडा) मिळून जी रिग होते ती एका लवचीक सांध्यावर उभी असते आणि कुठल्याही दिशेला कलते. 1960च्या दशकात हा सर्व दिशांना वळणारा सांधा बोर्डावर आला, आणि शीड हेच सुकाणू झालं. रिग शेपटीकडे कलवली की वाऱ्याचा जोर मागे सरकतो. पाण्याखालचा डॅगरबोर्ड (बोर्डाच्या मध्यातून खाली सोडायचं पातं) आणि फिन (शेपटीखालचा पर) जागच्या जागी अडून राहतात, शेपटी वाऱ्याआड, म्हणजे वारा जातो त्या बाजूला, ढकलली जाते आणि नाळ वाऱ्याकडे वळते. रिग नाळेकडे कलवली तर याच्या उलट होतं, नाळ वाऱ्यापासून दूर जाते. टॅकमध्ये हेच दोन कल एकामागोमाग वापरायचे आहेत. आधी रिग मागे, मग पाय पलीकडे, मग रिग पुढे. बाकी सगळा तपशील हे तीन तुकडे एकमेकांना जोडण्याचा आहे.

कोणता वारा, कोणता बोर्ड

6 ते 10 नॉट्सचा, म्हणजे ताशी साधारण 11 ते 18 किलोमीटरचा वारा टॅक शिकायला उत्तम. झाडांची पानं आणि बारीक डहाळ्या सतत हलत असतात, पाण्यावर लहान लाटा असतात, क्वचित एखादी पांढरी फुटते. पांढऱ्या लाटा सगळीकडे दिसू लागल्या की तो दिवस सरळ रेषेच्या सरावाचा. 4 नॉट्सपेक्षा कमी वाऱ्यातही शिकणं अवघडच, कारण शिडात ओढ नसली की तोल सावरायला धरण्यासारखं काही उरत नाही.

बोर्ड मोठा घ्या. किती मोठा, ते साध्या हिशोबाने ठरतं. एक लिटर आकारमान साधारण एक किलो वजन तरंगवतं. समजा तुमचं ओल्या कपड्यांसकट वजन 72 किलो, रिग 9 किलो, बोर्ड स्वतः 14 किलो. एकूण 95. बोर्ड 180 लिटरचा असेल तर 85 लिटर शिल्लक राहतात, आणि तुम्ही मास्टच्या पुढे पाय टाकला तरी नाळ बुडत नाही. हाच हिशोब 110 लिटरच्या बोर्डाचा केलात तर शिल्लक जेमतेम 15 लिटर. त्यावरही टॅक होते, पण ती शिकलेल्याची. मोठा बोर्ड घेण्यात कमीपणा मानणारे लोक मी पाहिलेत. त्यांनी तीन-तीन महिने अशा टॅकशी झुंज दिली जी मोठ्या बोर्डावर दोन दिवसांत आली असती.

शीड लहान असावं. वजनाप्रमाणे साडेतीन ते साडेपाच चौरस मीटर पुरे. डॅगरबोर्ड पूर्ण खाली सोडा. त्याने बोर्ड डुगडुगत नाही आणि वळण्याला आस मिळतो. पाणी निदान कमरेच्या वर असू द्या, नाहीतर डॅगरबोर्ड तळाला टेकतो आणि पडल्यावर तुम्हीही.

काठाकडून पाण्याच्या आत वाहणाऱ्या वाऱ्यात जाऊ नका. अशा वाऱ्यात काठाजवळचं पाणी सपाट दिसतं आणि फसवतं. आत गेल्यावर वारा वाढतो आणि परत येणं हातात राहत नाही. काठाला समांतर वाहणारा वारा सगळ्यात चांगला. अंगात जीवरक्षक जॅकेट, आणि काहीही झालं तरी बोर्ड सोडून पोहत निघायचं नाही, कारण बोर्ड बुडत नाही आणि लांबून दिसतो. मदत हवी असेल तर बोर्डावर बसून दोन्ही हात बाजूंना पसरा आणि सावकाश वर-खाली करत राहा. ही खूण जगभर समजते.

आधी जमिनीवर

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि मग पाण्यात तिची किंमत मोजतात. बोर्डाची फिन काढून तो वाळूवर किंवा गवतावर ठेवा आणि रिग जोडा. बोर्ड नसेल तर जमिनीवर दोन मीटर लांबीची एक रेघ ओढा, मध्यभागी मास्टच्या पायाची खूण करा आणि हातात एक उभी काठी धरा. पाय कुठे पडतात ते शिकायला एवढं पुरतं.

पुढचं सगळं मी वारा उजव्या अंगाला आहे असं धरून सांगतो. म्हणजे तुम्ही बोर्डाच्या उजव्या बाजूला शिडाकडे तोंड करून उभे आहात, उजवा हात आणि उजवा पाय नाळेच्या बाजूला, डावे मागे. दुसऱ्या दिशेच्या टॅकसाठी उजव्याचं डावं करा.

उजवा पाय उचलून मास्टच्या पुढे ठेवा, मास्टला बिलगून, बोटं आडवी. बोटं नाळेकडे रोखलेली असतील तर कंबर अडते आणि पुढचं पाऊल निघत नाही. आता डावा पाय उजव्याच्या शेजारी आणा. या क्षणी तुम्ही मास्टच्या पुढे आहात आणि तुमचं तोंड शेपटीकडे आहे. उजवा पाय बोर्डाच्या दुसऱ्या बाजूने, मास्टच्या मागे टाका. डावा त्याच्यामागोमाग मास्टपाशी आणा. झालं. आता डावा हात-पाय पुढे आहे आणि उजवा मागे. तीन-चार छोटी पावलं, सगळी मधल्या रेघेच्या जवळ. एकही पाऊल बोर्डाच्या कडेवर नाही.

दोन्ही बाजूंनी वीस-वीस वेळा करा. मग डोळे वर ठेवून करा. पावलांकडे न बघता ती बरोबर पडू लागली की पाण्यात जायला तुम्ही तयार आहात. पायांकडे बघायची सवय पाण्यात फार महागात पडते. मान खाली गेली की खांदे पुढे झुकतात आणि त्यांच्यामागे सगळं शरीर जातं.

दोर धरून वळसा

पाण्यात पहिला दिवस या वळशाचा. शीड पाण्यातून वर काढा, म्हणजे मास्टला बांधलेला अपहॉल दोर दोन्ही हातांनी धरून, गुडघे वाकवून, पाठ ताठ ठेवून पायांच्या जोराने उठा. कमरेने ओढू नका. शीड वाऱ्याआड मोकळं फडफडतंय आणि तुम्ही दोर धरून वाऱ्याकडे पाठ करून उभे आहात, अशी ती स्थिती. इथे बोर्ड वाऱ्याला आडवा असतो.

आता हात सरळ ठेवून रिग हळूहळू शेपटीकडे न्या. नाळ वाऱ्याकडे वळायला लागेल. तुम्ही मास्टभोवती बारीक पावलं टाकत फिरत राहा, पाठ कायम वाऱ्याकडे. घाई नाही. नाळ वाऱ्यातून जाईल, बोर्ड तुमच्या पायांखाली फिरत राहील आणि थोड्या वेळाने तुम्ही उलट दिशेला तोंड असलेल्या बोर्डावर उभे असाल.

हा वळसा संथ आहे, पण त्यातून एक गोष्ट अंगात भिनते. बोर्ड शिडामुळे फिरतो, आपण फक्त त्याच्याबरोबर राहतो. असे दहा-बारा वळसे न पडता जमले की खऱ्या टॅककडे वळा.

खरी टॅक

निघण्याआधी खांद्यावरून वाऱ्याच्या दिशेला पाहा. तिकडे कोणी नाही ना? टॅक केल्यावर तुम्ही तिकडेच जाणार आहात. लांबचं एखादं झाड, खांब, डोंगराचं टोक नजरेत धरून ठेवा. नव्या दिशेला जाताना तेच तुमचं निशाण.

थोडा वेग असू द्या. थांबलेला बोर्ड पटकन वळत नाही, नुसता वाहतो.

मग रिग मागे कलवायला लागा. दोन्ही हात बूमवर, शीड बंदच. म्हणजे मागच्या हाताने आत ओढलेलं, वाऱ्याने भरलेलं. नवख्याची पहिली चूक इथे होते. तो रिग मागे नेताना मागचा हात सैल सोडतो, शीड उघडतं, वारा निसटतो आणि बोर्ड वळायचा थांबतो. शीड मागे पण न्यायचं आणि बंदही ठेवायचं. बूमचं मागचं टोक पाण्याला टेकल्यासारखं वाटलं पाहिजे. नाळ वळू लागते, वेग कमी होतो, लाटांचा आवाज बदलतो.

आता उजवा हात बूमवरून काढून मास्टवर, बूमच्या जरा खाली ठेवा. त्याच वेळी उजवा पाय मास्टच्या पुढे, जमिनीवर केला तसा. डावा हात अजून बूमवर आहे आणि शीड ओढून धरतोय. वजन जास्त करून डाव्या, मागच्या पायावर.

आणि इथे थांबा.

या थांबण्याला मी एवढं महत्त्व का देतो ते सांगतो. या क्षणी नाळ वाऱ्याच्या जवळ आलीय, पण वाऱ्यात पोचलेली नाही. मन म्हणतं, पाय पुढे आहे, आता पळ. पळालात तर तुम्ही दुसऱ्या बाजूला जाता आणि वारा अजून जुन्याच बाजूने येत असतो. शीड तुमच्या अंगावर येतं आणि तुम्ही पाठीवर पाण्यात. म्हणून मागच्या हाताने शीड ओढतच राहा, बूमचं मागचं टोक बोर्डाची मधली रेघ ओलांडून थोडं तुमच्या बाजूला येईपर्यंत. त्याने शेपटीला शेवटचा धक्का मिळतो आणि नाळ वाऱ्याच्या पार जाते. हातातली ओढ विरत जाते, शिडाचं कापड थरथरतं, वारा नाळेवरून सरळ तोंडावर किंवा मानेवर येतो. नाळ वाऱ्याच्या रेषेवर आली आणि किंचित पलीकडे सरकली, की थांबणं संपलं.

ओढ विरते तेव्हा शरीर सरळ हवं. सरळ रेषेत जाताना आपण शिडाला लटकून मागे झुकलेले असतो. वाऱ्याकडे वळताना ती ओढ कमी होत जाते, आणि त्याबरोबर आपणही उभं होत गेलं पाहिजे. जो लटकलेलाच राहतो तो मागे कोसळतो, आणि मास्ट त्याच्यामागे येतो.

आता धावा. डावा हात बूमवरून मास्टवर, डावा पाय उजव्याशेजारी, उजवा पाय मास्टच्या मागे नव्या बाजूला, डावा मास्टपाशी. जमिनीवर केलेली तीच पावलं, पण मनात एक-दोन म्हणेपर्यंत. मास्टच्या पुढे राहायचा वेळ जितका कमी तितकं बरं, कारण तिथे बोर्ड सर्वांत अरुंद आणि सर्वांत जास्त डोलणारा असतो.

पाय हलत असतानाच हात रिग पुढे ढकलत असले पाहिजेत. हा टॅकचा सगळ्यात मोलाचा क्षण आहे आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षित. लोक पलीकडे पोचतात, मास्ट छातीशी कवटाळतात आणि तोल सांभाळत उभे राहतात. मास्ट छातीशी असला की रिग पुढे कलत नाही, नाळ वाऱ्यातच अडकते आणि बोर्ड हळूहळू मागे सरकू लागतो. त्याऐवजी मास्ट धरलेला डावा हात लांब करा आणि रिग नाळेकडे, थोडी वाऱ्याच्या बाजूला फेका. हो, फेकाच. आपण मागे बसतो आणि रिग पुढे जाते, दोघं एकमेकांना तोलतात. नाळ वाऱ्यापासून दूर सरकते.

मग उजवा हात बूमवर, तोही घाईने ओढायचा नाही, आधी नुसता ठेवायचा. डावा हात मास्टवरून बूमवर. गुडघे वाकवा, निशाणाकडे पाहा आणि उजव्या हाताने शीड सावकाश आत घ्या, दार लोटावं तसं. शीड भरलं, ओढ आली, बोर्ड चालू लागला.

कुठे पडलात त्यावरून

पडण्याची दिशा पाहिली की चूक सापडते. बाहेरून कोणी सांगायची गरज नसते.

जुन्याच बाजूला, वाऱ्याकडे पाठीवर पडलात तर शरीर लटकलेलं राहिलं, किंवा शीड मध्येच सैल सोडलंत. वळताना हळूहळू उभं व्हायचा सराव करा. टॅक पूर्ण न करता नाळ वाऱ्याजवळ नेऊन परत खाली आणायची, असं दहा वेळा. हा सराव मला फार आवडतो, कारण त्यात पाय हलवायचेच नसतात आणि कान, मान आणि हात वारा ओळखायला शिकतात.

नव्या बाजूला शीड अंगावर आलं आणि त्याने ढकलून पाडलं, तर तुम्ही लवकर निघालात. मास्टच्या पुढे पाय ठेवल्यावर मोठ्याने 'थांब' म्हणा. मोठ्याने म्हटलं की शरीर ऐकतं.

नव्या बाजूला पोचलात, पण मग पाठीवर पडलात, तर रिग पुढे न फेकता हात बूमवर टाकून ओढलात. शिडात वारा नव्हता, आधार मिळाला नाही.

बोर्डाच्या कडेने पाय घसरून पडलात, तर पावलं मोठी होती. जमिनीवर परत जा, लाज वाटून घेऊ नका.

नाळ वाऱ्यात अडकली आणि तुम्ही पलीकडे आहात पण पडलेला नाहीत, तर ही टॅक अजून वाचते. दोर धरा, रिग नाळेकडे झुकवून ठेवा, वाट पाहा. बोर्ड सावकाश वळेल. घाबरून शीड ओढलंत तर मात्र नाळ पुन्हा जुन्या बाजूला पडेल.

पडण्याचीही एक रीत आहे. पाण्यात सूर मारू नका, तळ किती खोल आहे ते माहीत नसतं. बसल्यासारखे, पाठीवर, सपाट पडा. शक्य असेल तर बूम धरून ठेवा, कारण धरलेला मास्ट तुमच्या हातांच्या अंतरावर पडतो, सोडलेला कुठेही पडतो. वर येताना एक हात डोक्यावर ठेवा. शिडाखाली अडकलात तर घाबरू नका. हात वर करून शीड ढकललंत की त्याखाली हवेची पोकळी तयार होते. मग एकाच दिशेने, हाताला हात लावत कडेपर्यंत सरका. एवढ्या शिडाची रुंदी दोन मीटरच्या आतच असते.

वेगवान टॅक

दहापैकी आठ टॅक कोरड्या अंगाने होऊ लागल्या की मास्टवर हात ठेवून रेंगाळणं कमी करा. वेगवान टॅकमध्ये रचना तीच, पण मास्टच्या पुढची दोन पावलं एका उडीत होतात. उजवा पाय मास्टपुढे असतोच. नाळ वाऱ्याच्या पार गेली की दोन्ही पावलं एकदमच नव्या बाजूला फिरतात, डावं मास्टपाशी आणि उजवं मागे. उडी उंच नसते, पावलं बोर्डाला जवळजवळ घासूनच फिरतात. उंच उडालात तर उतरताना बोर्ड खाली दबतो आणि जो वेग राखायचा होता तोच जातो.

हातांतला बदल मोठा आहे. मास्टवर दोन्ही हात यायची वाट न पाहता डावा हात थेट नव्या बाजूच्या बूमच्या पुढच्या टोकाला जातो आणि रिग पुढे खेचतो. उजवा हात बूमवर जमेल तितका मागे पडतो. मागे का? पुढे पडला तर शीड बंद करायला जोर पुरत नाही, आणि शीड बंद झालं नाही तर तोल टिकत नाही. इथे पाहायचं कुठे, तेही ठरलेलं आहे. पायांकडे नाही, शिडाकडे नाही, बोर्ड जाणार त्या दिशेला.

बोर्ड लहान होत गेला की मास्टपुढचा क्षण आणखी आखूड होतो. शंभर लिटरखालच्या बोर्डावर मोठ्या माणसाचं वजन मास्टच्या पुढे आलं की नाळ बुडतेच. उपाय एकच, बुडायच्या आत पलीकडे असणं. त्यासाठी वजन शेवटपर्यंत मागच्या पायावर आणि मास्टपुढचा पाय फक्त टेकलेला ठेवतात. फिन बोर्डावर हे जमायला एखादा हंगाम लागतो, आणि फॉइलवर, म्हणजे बोर्डाला पाण्याबाहेर उचलणाऱ्या पाण्याखालच्या पंखावर, त्याहून जास्त, कारण तिथे बोर्ड पाण्याच्या वर उचललेला असतानाच हे सगळं करायचं असतं. 1984 साली लॉस एंजेलिसमध्ये विंडसर्फिंग पहिल्यांदा ऑलिम्पिकमध्ये आलं ते डॅगरबोर्डच्या लांब बोर्डांवर. 2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये सगळी शर्यत फॉइलवर झाली. दोन्ही काळांतल्या खेळाडूंच्या चित्रफिती शेजारी ठेवून पाहा. पाय वेगळे दिसतात, पण नाळ वाऱ्यापार गेल्यावर रिग पुढे फेकणारे हात तेच आहेत.

वाटेत कोणी आलं तर

टॅक शिकलात की तुम्ही इतरांच्या मधून जाऊ लागता, म्हणून तीन नियम पाठ हवेत. वारा उजव्या अंगाला असणाऱ्याला वाट मिळते, डाव्या अंगाला असणाऱ्याने बाजूला व्हायचं. बोर्डावर हे ओळखायला सोपं आहे. बूमवर उजवा हात पुढे असेल तर वाट तुमची. दोघांचा वारा एकाच अंगाला असेल तर वाऱ्याकडच्याने वाट सोडायची. आणि शर्यतीत टॅक करणाऱ्याने, नाळ वाऱ्यातून गेल्यापासून नवी तिरकी दिशा धरेपर्यंत, इतरांपासून दूर राहायचं. शर्यत नसतानाही तसंच वागा. मध्यावर असताना तुमच्याकडे ना वेग असतो ना वळायची ताकद, तेव्हा कोणाच्या नाकासमोर टॅक सुरू करूच नये.

सराव कसा वाटून घ्यावा

एका दिवसात तास-दीड तास पुरे. थकलेले पाय कडेवर पडू लागतात आणि तेव्हा शरीर चुकीचंच शिकतं. सुरुवातीची दहा मिनिटं नाळ वाऱ्याकडे नेऊन परत आणण्याच्या सरावाला द्या. मग आपल्या सोप्या बाजूने पाच टॅक, अवघड बाजूने दहा. प्रत्येकाची एक बाजू कच्ची असते, आणि सोय बघून आपण पक्क्या बाजूनेच वळत राहतो. काही महिन्यांनी कच्ची बाजू खरोखरच बंद पडते. माझी डावी अशी बंद पडली होती. ती उघडायला मला पूर्ण एक हंगाम फक्त डावीकडून टॅक करावी लागली.

वाऱ्याच्या दिशेला असलेली एखादी खूण, बोया असेल तर उत्तम, निवडा आणि तिथपर्यंत नागमोडी जायचं ठरवा. मधल्या टॅक मोजा. पुढच्या वेळी तेवढ्याच वाऱ्यात तीच खूण किती टॅकमध्ये गाठता ते पाहा. आकडा कमी होत नसेल तर बहुधा टॅक झाल्यावर तुम्ही वाऱ्यापासून फार खाली उतरताय. शीड भरल्याबरोबर रिग पुन्हा सरळ करा आणि नाळ वाऱ्याच्या कडेला परत आणा. पाण्यातून बाहेर आल्यावर, हात-पाय अजून ओले असतानाच, वाळूवर रेघ ओढून त्या दिवशी चुकलेली पावलं पाच वेळा टाका.